चादरीखालची ट्यूटर

पूर्णिमाचा मला हेवा वाटतो. अडुसष्टाव्या वर्षी हे लिहून मोकळी होते, कारण लपवून काही उपयोग नाही. आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या दूधवाल्यालासुद्धा ते ठाऊक असावं. पेपरात तिचा फोटो आला की त्या दिवशी माझी पोळी तव्यावर करपलीच म्हणून समजा.

या हेव्याची सुरुवात एका हजेरी रजिस्टरापासून झाली. रायपुरात हिरालाल शेठजींच्या ट्रस्टचं हॉस्पिटल होतं. त्यांनी १९७६ साली नर्सिंग स्कूल काढलं तेव्हा पहिल्या बॅचला आम्ही बारा पोरी होतो. त्यात मराठी दोघीच, मी विनोदिनी आणि ही पूर्णिमा. आम्ही पास झालो आणि १९८० च्या जुलैत शाळेने आम्हा दोघींना ट्यूटर म्हणून ठेवून घेतलं. तोपर्यंत केरळच्या मेट्रनबाई वॉर्ड सांभाळता सांभाळता शिकवायच्या. शाळेच्या स्वतःच्या अशा पहिल्या ट्यूटर आम्हीच. एकच तारीख, एकच पगार. शेवटच्या परीक्षेत मला तिच्यापेक्षा नऊ मार्क जास्त होते. ते नऊ मार्क माझ्याशिवाय कुणाच्याही लक्षात नाहीत.

त्याच सुमारास नर्सिंग कौन्सिलचे लोक तपासणीला येऊन गेले होते. पोरींना थेट आजारी माणसावर हात साफ करू देऊ नका, आधी डेमॉन्स्ट्रेशन रूममध्ये बाहुलीवर शिकवा, असं ते बजावून गेले. हॉस्पिटलच्या जुन्या स्वयंपाकघरात खोली तयार झाली, लोखंडी खाट आली, चादरी आल्या. बाहुली दिल्लीहून यायची होती. ती चार वर्षांनी आली.

तोवर खाटेवर कुणीतरी झोपायला हवं होतं. पूर्णिमा उंच, आवाज खणखणीत. मी एक्केचाळीस किलोंची. "विनू, तू झोप. पोट्ट्यांना तुले उचलता येईल," असं ती म्हणाली आणि मी झोपले. झाला निकाल. चार वर्षं ती उभी राहून शिकवत होती आणि मी चादरीखाली आडवी होते. इंजेक्शन मोसंबीवर शिकवायचो, बाकी सगळं माझ्यावर. स्पंज बाथ माझ्यावर, बँडेज मला, थर्मामीटर माझ्या तोंडात, वेण्या माझ्या.

पहिल्याच दिवशी सकाळी पेशंट खाटेवर असताना खालची चादर कशी बदलायची, हे पूर्णिमा दाखवत होती. मी कुशीवर वळलेली, एक हात अंगाखाली, पाठीशी मॅकिनटॉश, म्हणजे पेशंटखाली घालायचं रबरी कापड, गुंडाळलेलं. तेवढ्यात हरिदास क्लार्क रजिस्टर घेऊन दारात आला. "मैडम, जॉइनिंग का साइन." पूर्णिमाने उभ्याउभ्या सही ठोकली. बिचाऱ्या हरिदासने माझ्याकडे पाहायचं टाळून रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि तो पळाला. मी उठून, साडी नीट करून, पाव तासाने सही केली. दुसऱ्या ओळीवर.

पुढे सीनियॉरिटीची यादी त्या रजिस्टरावरून झाली. पूर्णिमा एक, विनोदिनी दोन. १९९८ ला प्रिन्सिपल कोण, पूर्णिमा. २००० ला छत्तीसगड झालं, रायपूर राजधानी झाली, आणि २००४ ला शाळेचं बी.एस्सी. कॉलेज झालं तेव्हा कॉलेजची पहिली प्रिन्सिपल कोण, पूर्णिमा. तेलीबांध्याच्या पुढे नवी इमारत उभी राहिली, तिच्या कोनशिलेवर नाव कुणाचं, तेच. मी व्हाइस प्रिन्सिपल म्हणून निवृत्त झाले. त्या 'व्हाइस' शब्दाला मी अजून माफ केलेलं नाही.

खाटेवर झोपण्याचं मात्र मी कुणाजवळ बोलले नाही. आधीच पोरगी नर्स झाली म्हणून माझ्या आजोळचे लोक आमच्याकडे पाणी घेताना विचारात पडायचे. त्यात ती रोज सकाळी खाटेवर पडून परक्या पोरींकडून अंग पुसून घेते, हे कळलं असतं तर बाबांनी दुसऱ्या दिवशी नोकरी सोडायला लावली असती. घरी मी एवढंच सांगायची, शिकवून राहिली. १९८४ ला बाहुली आली, तेव्हा मी खाटेवरून उठले आणि तो विषय माझ्यापुरता संपवला. त्याची मला लाज वाटायची. खरं सांगते, फार वाटायची.

यंदा कॉलेजला पन्नास वर्षं झाली. जानेवारीत आताची प्रिन्सिपल अर्चना घरी आली. ती आमचीच विद्यार्थिनी, पण बाहुल्यांच्या जमान्यातली.

"मॅडम, स्मरणिका काढून राहिलो. कॉलेजचा इतिहास तुम्हीच लिहा."

"पूर्णिमाले नाही विचारलं काहून?"

"विचारलं ना. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्यांचं, दीड महिना वाचणं-लिहिणं बंद. त्यांनीच तुमचं नाव सांगितलं."

म्हणजे हे कामही तिने दिलेलं. मी चहात दोनदा साखर घातली.

पण अर्चना पुढे जे बोलली त्याने माझे कान टवकारले. कॉलेजात नवी स्किल लॅब झाली होती, खोकणाऱ्या आणि नाडी लागणाऱ्या बाहुल्यांची. ट्रस्ट आता हिरालाल शेठजींचा नातू वेदांत सांभाळतो. तो म्हणत होता की लॅबला बाहेरच्या कुणाचं नको, आपल्याच एखाद्या जुन्या ट्यूटरचं नाव देऊ. पहिली ट्यूटर कोण, तिचं देऊ. इतिहास वाचून कमिटी ठरवेल.

"जुनी रजिस्टरं पाहायले मिळतील का गं?" मी अगदी सहज विचारलं.

"कुठली मॅडम? गोदामात वाळवी लागली. दोन हजारच्या आधीचं काहीच उरलं नाही."

मी पदर तोंडाला लावला. तिला वाटलं मला वाईट वाटलं. मला हसू आवरत नव्हतं.

लिहायला बसले. सुरुवातीची पानं खरीखुरी लिहिली, आणि चांगली लिहिली. बारा पोरी, पत्र्याचं होस्टेल, मेट्रनबाईंची शिस्त, बीरगांवच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या मुली पहिल्यांदा शिकायला आल्या तो काळ, कोणाच्या वडिलांनी दारात उभं राहून 'रात की ड्यूटी तो नहीं रहेगी ना' असं दहादा विचारलं ते. डोळ्यांत पाणी येईल असं लिहिलं. मग आला जुलै १९८०.

'शाळेच्या पहिल्या ट्यूटर विनोदिनी यांनी पहिलं प्रात्यक्षिक दिलं,' मी लिहिलं. हिंदीत लिहिलं, हिंदीत ते आणखी भारदस्त दिसलं.

आणि पेन अडलं. मी उभी राहून शिकवते आहे तर खाटेवर कोण आहे? दुसरं कुणी असतं तर त्याने खाटच गाळून टाकली असती. पण मी जन्मभर वॉर्डचे रिपोर्ट लिहिलेली बाई. पेशंट कोण, ते न लिहिता रिपोर्ट पूर्ण करणं माझ्या हाताला जमतच नाही. तेव्हा खाटेवर मी पूर्णिमाला झोपवलं. 'बाहुली नसल्यामुळे सहकारी पूर्णिमा यांनी चार वर्षं रोज पेशंट होऊन खाटेवर झोपून सहकार्य केलं.'

सहकार्य! हा शब्द मी दोनदा वाचला. जी गोष्ट मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं घरच्यांपासून लपवली ती उचलून तिच्या अंगावर घातली होती. मला इतकं बरं वाटलं की मी उठून गॅसवर साबुदाणा परतायला घेतला आणि तो अख्खा खाल्ला.

पकडले जाण्याची भीती नव्हती. त्या चार बॅचच्या पोरी आता आज्या झाल्यात. कुणी भिलाईला, कुणी मस्कतला, कुणी वर गेल्या. हरिदास जाऊन बारा वर्षं झाली. आणि पूर्णिमाच्या डोळ्यांत थेंब चालू होते. ती वाचायच्या आत स्मरणिका छापून, वाटून, कपाटात पडली असती.

कमिटीची बैठक कॉलेजात, अर्चनाच्या खोलीत होती. वेदांत आला होता. तिशीतला पोरगा, वागायला नम्र. मराठी त्याला समजतं, बोलतो हिंदीच. मी नवी कोसा रेशमाची साडी नेसून गेले होते. खुर्चीत टेकते न टेकते तोच दार उघडलं आणि सुनेच्या हाताला धरून पूर्णिमा आत आली. काळा चष्मा, अंगावर शाल, केस अजून माझ्यापेक्षा दाट. सून तिला बसवून बाहेर गेली.

"विनू आली का?" तिने हवेत विचारलं.

"आली," मी म्हटलं.

"बरं झालं. मले वाचता येत नाही, म्हणून अर्चनाले म्हटलं, वाचून दाखव."

हे मी धरलंच नव्हतं. डोळे बंद केले तरी माणसाचे कान चालू राहतात, हे बेशुद्ध पेशंटबद्दल मी हजार पोरींना शिकवलं होतं.

अर्चना वाचत गेली. बारा पोरी झाल्या, मेट्रनबाई झाल्या, बीरगांव झालं. वेदांत मधूनच 'वाह' म्हणायचा. मग जुलै १९८० आला. पहिल्या ट्यूटर विनोदिनी. सहकारी पूर्णिमा. खाट, चार वर्षं, सहकार्य. मी पूर्णिमाकडे बघत होते. काळ्या चष्म्यामागे काय चाललंय ते कळत नव्हतं. तिने फक्त शालीचं टोक ओढून घेतलं. आता ही बोलणार, मी मनात म्हटलं. आता माझी शोभा होणार.

पण बोलला वेदांत. "एक मिनट, मैडम। ये वाला हिस्सा फिर से पढ़िए।"

अर्चनाने पुन्हा वाचलं. या वेळी सावकाश वाचलं.

"चार साल?" वेदांत म्हणाला. "रोज़?" तो खुर्चीत पुढे सरकला. "देखिए, पहली टीचर तो हर कॉलेज में कोई न कोई होती है। उनका सम्मान हम करेंगे ही। लेकिन जिसने अपने शरीर पर पूरी-पूरी बैच को सीखने दिया... जिस लैब में डमी रखी हैं, उस पर तो इन्हीं का नाम होना चाहिए। पूर्णिमा आंटी का।"

मला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं आणि कानशिलं तापली.

अर्चना उठून पूर्णिमाच्या पाया पडली. "मॅडम, एवढी वर्षं तुम्ही कधी बोलल्या नाही!" माझ्या पाया ही पोरगी फक्त दिवाळीला पडते, तेही वाकल्यासारखं करून.

मी खुर्चीत बसून जळत होते. दुसरा शब्द नाही. पितळी पाटीवर तिचं नाव लागणार होतं, आणि ते ज्यासाठी लागणार होतं ते मी केलं होतं. माझी पाठ, माझे केस, माझी चार वर्षं. आणि तिला हे दान कुणी दिलं होतं? मीच, स्वतःच्या अक्षरात, साबुदाणा खाऊन. तोंड उघडावं तर खोटारडी ठरणार. कॉलेजचा इतिहास बनावट लिहिणारी बाई म्हणून पन्नासाव्या वर्षी नाव गाजणार. गप्प बसावं तर ती पाटी मरेपर्यंत पाहावी लागणार. मी गप्प बसायचं ठरवलं. दात आवळले आणि टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले.

"आंटी," वेदांत पूर्णिमाकडे वळला, "थोड़ा बताइए ना। कैसा लगता था वहाँ लेटे-लेटे? दो लाइन बोर्ड पर भी लिखवाएँगे।"

पूर्णिमा माझ्या दिशेला तोंड करून मराठीत म्हणाली, "काय सांगू? थंडी वाजायची. पाणी थंडगार असायचं ना. कुडकुडत पडून राहायची मी."

अर्चना लिहून घेऊ लागली. थंड पाणी, असं तिने खरंच लिहिलं, मी पाहिलं.

"पाणी थंड नव्हतं!" मी ओरडले.

तिघंही माझ्याकडे वळली. थांबायला हवं होतं. पण आता माझ्या हातातलं काही राहिलं नव्हतं.

"चार वर्षांत एकदाही थंड पाणी अंगाले लागलं नाही. काय लिहून राहिली तू अर्चना? खोड ते. थंड असायचे पोट्ट्यांचे हात. भीतीने थंड. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे बर्फासारखे असायचे. आणि कोणी तोंडाकडे पाहायचं नाही. सगळ्या समोर शिकवणाऱ्या बाईकडे पाहायच्या आणि इकडे हात चालवायच्या. खाटेवर माणूस आहे हे विसरूनच जायच्या. कानात पाणी गेलं तरी कोणाले पत्ता नाही. मग मी चादरीखालून बोलायले लागली. म्हटलं, माझ्याशी बोल आधी. काय करणार ते सांग, मग हात लाव. टाच अशी लोंबकळत नको ठेवू, पाठ भरून येते. कुशीवर वळवते तर खांदा धर, मनगट नको ओढू. हे पुस्तकात नाही कुठे. बीरगांवची एक पोट्टी होती, दुसऱ्याच्या अंगाले हात लावायचा म्हणून रडायची. मी चादरीतून हात काढून तिचा हात धरला, तेव्हा कुठे तिने माझं कपाळ पुसलं. चौथ्या वर्षी तर मी डोळे मिटून हातावरून सांगायची, ही कोण आणि आज जेवून आली की नाही ते. थंड पाणी म्हणे!"

मला धाप लागली होती. अर्चनाचं पेन वहीवर टेकलेलं होतं.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "तुम्हाले हे सगळं कसं माहीत?"

आता लपायला चादरही नव्हती.

"खाटेवर मी होती," मी म्हटलं. "पूर्णिमा नाही. ते मी खोटं लिहिलं."

वेदांतने कपाळ चोळलं. त्याच्या दृष्टीने हिशेब अजून पुरा झाला नव्हता. "तो फिर पढ़ा कौन रहा था? पहली टीचर...?"

त्या एका शब्दासाठी मी रजिस्टरं, याद्या, कोनशिला, सगळ्यांशी मनातल्या मनात सेहेचाळीस वर्षं भांडले होते.

"पूर्णिमा?" त्याने विचारलं.

"हव," मी म्हटलं.

अर्चनाने लाल पेनाने दोन नावांची अदलाबदल केली. दोन ओळींचं काम. मला कुणी रागावलं नाही, उलट वेदांत उठून उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला की लॅबला आता तुमचं नाव लागेल, विनोदिनी आंटी. अर्चना माझ्याही पाया पडली, या वेळी नीट वाकून. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही. तो फाटकापर्यंत टिकला.

फाटकाशी पूर्णिमा गाडीची वाट पाहत उभी होती. सून गाडी वळवून आणायला गेली होती. मी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले. माफी मागायला हवी हे मला कळत होतं, पण तोंडातून भलतंच निघालं.

"तू मुद्दाम बोलली ना थंड पाण्याचं?"

"नाही तर तू बोलली असती काय?" ती म्हणाली. "इतिहास लिहायले तुझं नाव काहून सांगितलं मी? मले वाटलं, आता तरी ही खाटेचं लिहील. मी कशी सांगू? तूच बजावलं होतं, घरी कळलं तर नोकरी जाईल म्हणून."

मी चपलेने जमिनीवरचा खडा उगीच इकडून तिकडे केला.

"आणि पाणी गरमच असायचं, मले माहीत आहे," ती पुढे म्हणाली. "चूल मीच पेटवायची."

"रमा आया पेटवायची," मी म्हटलं. रमा ही आमच्या हॉस्पिटलची जुनी आया.

"रमा नऊले यायची विनू."

गाडी आली. सुनेने दार उघडलं, तिला आत बसवलं. पूर्णिमाने काच खाली करून माझ्या दिशेने हात हलवला, जरा चुकीच्या बाजूला. गाडी नव्या रायपूरच्या रस्त्याला लागली आणि मी तिथेच उन्हात उभी राहिले. आमचा वर्ग आठला सुरू व्हायचा. जुन्या स्वयंपाकघराची ती चूल पेटून हंडाभर पाणी तापायला तास तरी लागायचा. म्हणजे पहिल्या दिवसापासून ती रोज माझ्या आधी येत होती.